गावांच्या नावांचा अर्थ लावणारे रायबहादूर हिरालाल

आमगाव, अर्जुनी, नवेगाव बांध. गोंदिया जिल्ह्यातील ही नावे नित्य परिचयाची असल्याने त्यांच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. मात्र शंभर वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश जुन्या मध्य प्रांताचा भाग होता आणि त्या प्रांतातील स्थलनामांचा गांभीर्याने विचार करणाऱ्यांत रायबहादूर हिरालाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

हिरालाल यांचा जन्म १८६७ साली कटनी-मुडवारा येथे एका सामान्य कुटुंबात झाला. शिक्षण जबलपूरला झाले. शिक्षण खात्यात नोकरीस सुरुवात करून पुढे ते महसूल खात्यात आले. १९०१ च्या जनगणनेच्या व त्यानंतर जिल्हा गॅझेटिअरच्या कामात ते आर. व्ही. रसेल यांचे सहायक झाले. भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच मालिकेतील होय.

त्या काळी इंग्रजी नकाशांवर गावांची नावे रोमन लिपीत उतरत. त्या लिपीत ‘ड’ आणि ‘द’, ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद पुसला जाई आणि नावाचा अर्थही हरवे. त्यात या झाडीपट्टीत मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी शेजारी-शेजारी नांदतात. गोंडीत ‘नार’ म्हणजे गाव आणि ‘येर’ म्हणजे पाणी. हे ज्याला ठाऊक नाही, तो अशा नावांचे मूळ संस्कृतात शोधू लागतो आणि फसतो. नाव चुकीचे वाचले, तर ते गाव मुळात कोणी वसवले हेही चुकीचे ठरते. खुद्द गोंदियाच्या नावाबाबत गोंड जमातीपासून आणि डिंकापासून, म्हणजे ‘गोंद’पासून, अशा दोन्ही व्युत्पत्ती सांगितल्या जातात!

हिरालाल यांनी या प्रांतातील भौगोलिक नावांच्या अर्थांवर हिंदीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. शिलालेख व ताम्रपटांतील जुनी नावे आजच्या गावांशी जुळवणे हा त्यांचा आवडीचा विषय होता. बस्तरच्या नागवंशी राजांचे लेख त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केले. त्यातून चोळ राजांच्या प्रशस्तींत येणारे शक्करकोट्टम म्हणजे बस्तरचे चक्रकोट, हे स्पष्ट झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची त्यांची वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये निघाली. त्याच वर्षी लंडनहून मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून रसेल यांचे आणि सहायक म्हणून हिरालाल यांचे नाव आहे. आजही हा ग्रंथ बहुधा रसेल यांच्याच नावाने ओळखला जातो, ही खटकणारी गोष्ट आहे.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले असे नाही. रावणाची लंका अमरकंटकच्या परिसरात होती, हे त्यांचे मत वादग्रस्त ठरले. नावांच्या साम्यावर विसंबण्यातला धोका त्यात दिसतो. परंतु सरकारी कागदपत्रे केवळ इंग्रजीत राहू नयेत, म्हणून ‘दमोह दीपक’, ‘जबलपूर ज्योती’, ‘सागर सरोज’ अशी जिल्हावर्णने त्यांनी हिंदीत लिहिली. ज्यांच्या गावांची माहिती, त्यांनाच ती वाचता यावी, ही त्यामागील दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक ऋणानुबंध आहे. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांच्या त्यांच्या सूचीमुळे वऱ्हाडातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तरुण वा. वि. मिराशी यांना कोरीव लेखांच्या अभ्यासाकडे वळवण्यातही त्यांचा वाटा होता. पुढे मिराशींनी वाकाटकांच्या ताम्रपटांतील गावे विदर्भाच्या नकाशावर शोधली, ती याच वाटेने.

हिरालाल १९२२ मध्ये उपायुक्त पदावरून निवृत्त झाले. १९३० साली पाटण्यात भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. कोरीव लेखांच्या सूचीची सुधारित आवृत्ती त्यांनी १९३२ मध्ये काढली आणि दोनच वर्षांनी, १९३४ साली, त्यांचे निधन झाले.