कुमारी मार्गारेट मॅकमिलन

शाळेचा विचार करितांना आपण सहा वर्षांच्या मुलापासून आरंभ करितों. परंतु गरिबाचें मूल शाळेच्या दारीं येण्यापूर्वींच त्याचें पुष्कळसें बरेंवाईट ठरून गेलेलें असतें. ही गोष्ट जिनें आपल्या राष्ट्रास पटवून दिली, त्या थोर स्त्रीचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत.

मार्गारेटबाईंचा जन्म २० जुलै १८६० रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ एका स्कॉटिश कुटुंबांत झाला. त्या पांच वर्षांच्या असतांना वडील व धाकटी बहीण निवर्तलीं आणि आई त्यांस व थोरली मुलगी रेचल हिला घेऊन स्कॉटलंडांत परतली. १८९३ सालीं मार्गारेटबाई ब्रॅडफर्ड या लोंकरीच्या गिरण्यांच्या शहरीं राहावयास गेल्या, व पुढील वर्षींच तेथील स्कूल बोर्डावर निवडून आल्या. वर्गांत पाहावें तों मुलें भुकेलीं, मळकट व रोगट! अशांस धडे देऊन काय उपयोग? बाईंच्या खटपटीनें १८९७ सालीं एका शाळेंत स्नानगृह झालें. पुढें १९०६ सालीं शाळेंतील भोजनाचा व १९०७ सालीं वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला, त्यांतही त्यांच्या चळवळीचा वांटा होता.

यानंतर दोघी बहिणींनीं लंडनच्या डेप्टफर्ड या दरिद्री वस्तींत काम मांडिलें. जोसेफ फेल्स या साबणाच्या कारखानदाराच्या साहाय्यानें १९१० सालीं तेथें मुलांचा दवाखाना निघाला. पण मुलें औषधानें बरीं होत आणि थोड्याच दिवसांनीं तींच दुखणीं घेऊन परत येत. कारण घर तेंच, अंधारें व कोंदट. तेव्हां रोग बरा करण्यापेक्षां तो होऊं न देणें स्वस्त, असा हिशेब बाईंनीं मनाशीं बांधिला. १९१४ सालीं त्यांनीं उघड्या हवेंतील शिशुशाळा काढिली. एका बाजूनें मोकळ्या अशा पडव्या, भोंवतीं बाग, स्नान, सकस जेवण, दुपारची झोंप व मनसोक्त खेळ, हेंच तेथील शिक्षण.

परंतु पैशाची चिंता सुटेना. फेल्स १९१४ सालींच वारले. २५ मार्च १९१७ रोजीं रेचलही गेली. १९१८ च्या कायद्यानें अशा शाळांस साहाय्य करण्याची स्थानिक संस्थांस परवानगी दिली; मात्र ती सक्ती नव्हती. १९२२ सालीं सरकारी काटकसरीची कुऱ्हाड चालली आणि शिशुशाळांची वाढ खुंटली. लहान मुलांस मत नसतें. म्हणून कात्री प्रथम त्यांच्याच घांसावर पडते! तरीही बाईंनीं लेखणी व वाणी थांबविली नाहीं. १९२३ सालीं शिशुशाळांची संघटना झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९३० सालीं बहिणीच्या नांवें शिक्षिकांसाठीं विद्यालय उघडलें, आणि मार्च १९३१ मध्यें बाईंनीं देह ठेविला.

या चरित्रावरून आम्हांस एक बोध होतो. दात्याच्या औदार्यानें सत्कार्याचा आरंभ होतो, पण त्याचा निभाव सार्वजनिक तिजोरीनेंच लागतो. आपल्या देशांतही २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारी खर्चाची बालविकास योजना सुरू झाली व तींतून अंगणवाड्या निघाल्या. वाचकहो, आपल्या वाटेवर अशी एखादी अंगणवाडी असेल, तर तेथें खर्च होणाऱ्या पैशास कोणी दानधर्म म्हणूं नये. तें पेरणीचें बीं आहे; तें राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास पीक कोठून मिळणार?