नजरेचा माग काढणारा फिट्स

कॉम्प्युटरवाल्यांना फिट्सचा नियम माहीत असतो. बटण जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे कर्सर न्यायला वेळ जास्त. १९५४ सालचा हा नियम व्हायव्हात धडाधड सांगून आपण मोकळे होतो. मला मात्र पॉल फिट्स आवडतो तो त्याआधीच्या कामासाठी.

१९१२ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जन्मलेला हा माणूस शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेला आणि पुढे ओहायोतल्या राइट फील्डवर संशोधन करू लागला. तेव्हा विमान पडलं की बहुतेक वेळा ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून फाइल बंद व्हायची. फिट्स आणि जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांकडूनच चुकांचे शेकडो किस्से गोळा केले. कुणी एका लिव्हरऐवजी शेजारचा ओढलेला, कुणी उंचीमापक हजार फुटांनी चुकीचा वाचलेला. त्याच त्या चुका वेगवेगळी माणसं करतात, म्हणजे दोष डिझाइनमध्ये शोधायला हवा, हे फिट्सने ओळखलं.

मग त्याने थेट कॉकपिटमध्ये सिनेमाचा कॅमेरा बसवला! केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान उतरवताना वैमानिकाची नजर कुठे कुठे जाते, ते फिल्मवर घ्यायचं आणि नंतर एकेक फ्रेम बघून मोजत बसायचं. काम महाकंटाळवाणं, पण हाती लागलं ते सोनं. नजर ज्या डायलवर वारंवार जाते, तो महत्त्वाचा. जिथे ती रेंगाळते, तो वाचायला अवघड. आणि ज्या दोन डायलमध्ये ती सारखी ये-जा करते, ते शेजारी हवेत.

१९४९ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि विमानांकडून हवाई वाहतूक नियंत्रणाकडे वळला. १९५१ मध्ये त्याने संपादित केलेल्या अहवालात माणूस काय चांगलं करतो आणि मशीन काय, याची यादी आहे. ऑटोमेशनवाले आजही तिच्यावरून भांडतात. रडारसमोरच्या कंट्रोलरची नजर आज इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपतात, मोजदाद सॉफ्टवेअर करतं. पण किती वेळा, किती वेळ आणि कुठून कुठे, हे प्रश्न तेच. एक अडचणही तीच: नजर विमानाच्या ठिपक्यावर पडली, एवढंच कॅमेरा सांगतो. कंट्रोलरच्या ते लक्षात आलं का, हे वेगळं तपासावं लागतं.

फिट्स पुढे मिशिगन विद्यापीठात गेला. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी तो वारला, तेव्हा तिथेच प्राध्यापक होता.