ॲप नेमकं कुठे अडकलं ते कसं कळतं? ८० वर्षांपूर्वी ॲलन ट्यूरिंगने सुचवली होती युक्ती

समजा, दुधनीच्या बाजारात तुरीची पट्टी झाली. घरी पैसे पाठवायला मोबाईल काढला आणि ॲप मध्येच बंद पडलं. ते का बंद पडलं, हे दूर कुठेतरी बसलेल्या इंजिनिअरला कसं कळतं?

त्याच्याकडे एक यादी पोहोचते. कोणत्या कामातून कोणतं काम सुरू झालं होतं, याची ही यादी. तिला कॉल स्टॅक म्हणतात. या कल्पनेच्या मुळाशी गेलं की ॲलन ट्यूरिंगचं नाव येतं.

दुधनी स्टेशनवरून जाणारा मुंबई-चेन्नई मार्ग १८७१ मध्ये रायचूरला जोडला गेला. मुंबईकडून जीआयपी रेल्वे आली, चेन्नईकडून मद्रास रेल्वे. त्याच मद्रास रेल्वेचे मुख्य इंजिनिअर झालेले एडवर्ड स्टोनी हे ट्यूरिंगच्या आईचे वडील. ट्यूरिंगचे वडीलही मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते.

ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ ला लंडनमध्ये झाला. आईवडील भारतात परतले आणि दोन्ही भाऊ तिकडेच दुसऱ्या कुटुंबाकडे वाढले.

१९३६ मध्ये त्याने कॉम्प्युटरची कल्पना गणितात मांडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, त्याने एसीई या कॉम्प्युटरचा आराखडा लिहिला. त्यात एक अडचण होती. मोठं काम छोट्या कामांत तोडलं, तर छोटं काम संपल्यावर परत कुठे यायचं?

ट्यूरिंगने सुचवलं की, जाण्याआधी परतीचा पत्ता यंत्राच्या मेमरीत पुरून ठेवायचा आणि काम झालं की उकरून काढायचा. या सूचनांना त्याने नावं दिली बरी आणि अनबरी. पंगतीतल्या ताटांच्या चळतीसारखंच हे, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. पुढे १९५७ मध्ये जर्मनीच्या बाउअर आणि सामेलसन यांनी स्टॅकच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला, तर १९६० मध्ये डाइकस्ट्राने ती अल्गोल भाषेसाठी वापरली.

आजचा प्रोग्राम चालू असतानाच स्वतःचा स्टॅक वाचू शकतो. तो वरून खाली एकेक परतीचा पत्ता पाहत जातो. पण कंपाइल झाल्यावर फंक्शनची नावं उरतातच असं नाही, बऱ्याचदा नुसते आकडे दिसतात. म्हणून पत्ता आणि नाव यांची जोडयादी वेगळी जपावी लागते. वेगासाठी कंपाइलरने काही पायऱ्या गाळल्या असतील, तर त्या यादीत दिसतही नाहीत.

ट्यूरिंगला हे सगळं पाहायला मिळालं नाही. समलैंगिक संबंधांमुळे १९५२ मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळण्यासाठी त्याने हार्मोनचे उपचार स्वीकारले. सरकारी गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले. ७ जून १९५४ ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरली. वय होतं फक्त ४१.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये माफी मागितली आणि २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर माफी दिली. भारतात प्रौढांच्या संमतीने असलेले असे संबंध गुन्ह्यातून वगळायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. आणि २०२१ मध्ये, त्याच्या जन्मदिवशी, ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.