फ्रेडरिक ट्यूडर

फ्रेडरिक ट्यूडर (जन्म : ४ सप्टेंबर १७८३, बोस्टन, मृत्यू : ६ फेब्रुवारी १८६४, बोस्टन) हे अमेरिकन व्यापारी होते. न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून तो जहाजांनी उष्ण प्रदेशांत नेऊन विकण्याचा व्यवसाय त्यांनी उभारला. ‘बर्फाचा राजा’ या नावाने ते ओळखले जातात. बर्फ तयार करणारी यंत्रे व्यवहारात येण्यापूर्वी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांना त्यांच्या व्यापारामुळे बर्फ मिळू लागला. थंड ठेवलेला माल दूरदेशी पोहोचविण्याच्या आजच्या व्यवसायाची मूलतत्त्वे त्यांनी वारंवार तोटा सोसून शिकून घेतली.

बालपण व पूर्वायुष्य

ट्यूडर यांचा जन्म बोस्टनमधील एका संपन्न कुटुंबात झाला. त्यांचे वडील विल्यम ट्यूडर हे नामवंत वकील होते. त्यांच्या भावांनी हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले; फ्रेडरिक यांनी मात्र तेराव्या वर्षी शाळा सोडून व्यापाराची वाट धरली. १८०१ मध्ये आजारी भाऊ जॉन यांच्यासमवेत ते क्यूबातील हवाना येथे गेले. तेथील उकाड्याचा अनुभव त्यांनी या प्रवासात घेतला. पुढच्याच वर्षी जॉन यांचे निधन झाले. कुटुंबाच्या ग्रामीण मालमत्तेतील तळ्यावर हिवाळ्यात बर्फ काढून तो उन्हाळ्यापर्यंत साठविण्याची पद्धत होती. हाच बर्फ वेस्ट इंडीज बेटांवर विकावा, हा विचार १८०५ मध्ये त्यांनी व त्यांचे भाऊ विल्यम यांनी मनावर घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रेडरिक यांनी या व्यवसायाची रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला.

पहिली सफर

असा माल नेण्यास कोणी जहाजमालक राजी होईना. तेव्हा ट्यूडर यांनी ‘फेव्हरिट’ नावाचे गलबतच विकत घेतले. फेब्रुवारी १८०६ मध्ये ते बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि मार्चच्या आरंभी फ्रेंचांच्या ताब्यातील मार्तिनिक बेटावर पोहोचले. बर्फ बऱ्याच प्रमाणात टिकला होता. परंतु तेथे तो ठेवण्यासाठी कोठार नव्हते आणि बर्फाचे काय करावे हे लोकांना माहीत नव्हते. विक्री होण्याआधीच माल वितळू लागला. पहिल्या सफरीत ट्यूडर यांना हजारो डॉलरांचा तोटा झाला. समुद्रप्रवासापेक्षा बंदरावर उतरल्यानंतरचा काळ अधिक धोक्याचा असतो, हे या सफरीत स्पष्ट झाले.

कर्ज व तुरुंगवास

पुढील दहा वर्षे हलाखीची गेली. १८०७ च्या अखेरीस अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, तर १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झाले. वडिलांची संपत्तीही जमिनींच्या सट्ट्यात बुडाली. कर्ज न फेडल्याबद्दल ट्यूडर यांना १८१२ आणि १८१३ या वर्षांत तुरुंगात जावे लागले. १८१५ मध्ये पुन्हा उसने पैसे घेऊन त्यांनी हवाना येथे बर्फगृह बांधले.

१८१६ मध्ये त्यांनी परतीच्या प्रवासात क्यूबातील फळे बर्फ व गवतात रचून अमेरिकेत आणण्याचा प्रयोग केला. त्यासाठी अतिशय चढ्या व्याजाने कर्ज काढले होते. वाटेत बहुतेक फळे सडली. फळ तोडल्यानंतरही त्याचा श्वसनव्यवहार चालू राहतो व त्यातून उष्णता निर्माण होते. ओलावा व कोंडलेली हवा यांमुळे ते लवकर नासते. केवळ बर्फ सोबत ठेवल्याने फळे टिकत नाहीत, हे या अपयशाने दाखविले.

व्यवसायाची घडी

१८१७ नंतर चार्ल्सटन, सव्हाना व न्यू ऑर्लिन्स येथे ट्यूडर यांची बर्फगृहे उभी राहिली. दुहेरी भिंती, त्यांच्यामध्ये उष्णतारोधक भरण आणि वितळलेले पाणी वाहून जाण्याची सोय, अशी त्यांची रचना असे. बर्फाचे ठोकळे एकमेकांना घट्ट भिडवून रचले जात, कारण मोठ्या राशीचा बाहेरील हवेशी येणारा संबंध तुलनेने कमी असतो व ती सावकाश वितळते. भोवती लाकडाचा भुसा घालत. १८२५ च्या सुमारास त्यांचे सहकारी नथॅनिएल वायेथ यांनी घोड्यांनी ओढायचा बर्फ कापण्याचा नांगर तयार केला. त्यामुळे एकसारखे चौकोनी ठोकळे मिळू लागले व खर्च पुष्कळ घटला.

जहाजभाडेही स्वस्त पडे. उष्ण देशांकडे जाणाऱ्या अनेक जहाजांना पुरेसा माल मिळत नसे आणि तोल राखण्यासाठी तळाशी दगड भरावे लागत. दगडांच्या जागी बर्फ नेल्यास मालकाला चार पैसे मिळत. नवे ग्राहक जोडण्यासाठी ट्यूडर आरंभी बर्फ फुकट देत. थंड पेयाची सवय लागलेला मनुष्य पुन्हा कोमट पेयाकडे वळत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

हिंदुस्थानातील व्यापार

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याकडे निघाले. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते चार महिन्यांनी पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. तेथील सरकारने बर्फावरील जकात माफ केली व तो रात्रीच्या गारव्यात उतरविण्यास परवानगी दिली. पुढे बर्फाच्या जहाजांतून सफरचंदे व लोणी हा मालही थंड राखून हिंदुस्थानात येऊ लागला.

सप्टेंबर १८३४ मध्ये मुंबईत अमेरिकन बर्फाचा पहिला माल उतरला. तो जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्याकडे आला होता व रतलास चार आणे भावाने विकला गेला. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिल्याची व त्यानंतर यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची हकीकत त्या काळच्या वृत्तपत्रात आली. पुढे मुंबईतही बर्फगृह बांधले गेले. मात्र जहाजाला उशीर झाला की शहरात बर्फाचा तुटवडा पडे. या भावाचा बर्फ गोरे अधिकारी व धनिक यांच्याच आवाक्यात होता. सामान्य रयतेच्या घरी तो पोहोचला नाही. मद्रासचे बर्फगृह आज विवेकानंद भवन म्हणून उभे आहे.

उत्तरायुष्य

१८३४ मध्ये ट्यूडर यांचा विवाह युफेमिया फेनो यांच्याशी झाला. त्यांना सहा अपत्ये झाली. याच सुमारास कॉफीच्या सट्ट्यात त्यांच्यावर दोन लाख डॉलरांहून अधिक कर्ज झाले. ते फेडण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली व त्यात हिंदुस्थानातील बर्फविक्रीचा मोठा वाटा होता. वयाच्या ऐंशीव्या वर्षी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली. यंत्रांनी तयार केलेला बर्फ गावातच स्वस्त मिळू लागल्यावर अमेरिकेतून होणारी आयात थांबली. ट्यूडर यांचा व्यापार असा संपला, तरी त्यातील तत्त्वे टिकून आहेत.

आज कोकणचा हापूस किंवा मराठवाड्याचा केशर आंबा विमानाने परदेशी जातो, तेव्हा चार महिन्यांचा प्रवास काही तासांवर आलेला असतो. तरीही तोडणीनंतर फळ लवकर थंड करणे, उष्णतारोधक वेष्टन, विमानतळावरील शीतगृह आणि उतरताच माल उचलणारा ग्राहक यांपैकी एकही कडी तुटून चालत नाही. गोठवलेल्या पदार्थांसाठी पाण्याच्या बर्फाऐवजी घनरूप कार्बन डायऑक्साइड म्हणजे शुष्क बर्फ वापरतात. त्याचा वायू बंदिस्त जागेत प्राणवायूची जागा घेत असल्याने विमानात त्याच्या प्रमाणावर मर्यादा असते. उड्डाण वेळेवर झाले, तरी धावपट्टीलगत उन्हात तासभर पडून राहिलेली पेटी नासू शकते. मार्तिनिकच्या धक्क्यावर ट्यूडर यांचा माल याच कारणाने वाया गेला होता.