उत्तर वयांत बहरलेली लेखणी : लक्ष्मीबाई टिळक

ज्या मराठी घरीं पुस्तकांची आवड आहे, तेथें ‘स्मृतिचित्रें’ हें नांव बहुधा ठाऊक असतेंच. परंतु हा ग्रंथ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना शालेय शिक्षण मिळालेलें नव्हतें, आणि १९३४ सालीं त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांनीं वयाचीं पासष्ट वर्षें ओलांडलीं होतीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नासिकजवळ जलालपूर येथें गोखले घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. सत्तावनच्या बंडाच्या धामधुमींत त्यांच्या मातामहांना फांशी झाली होती. त्या आघातानें वडिलांच्या मनावर सोंवळ्याचा इतका पगडा बसला कीं, बाजारांतून आलेलें मीठदेखील त्या घरीं धुवून घेतलें जाई. अकराव्या वर्षीं कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पति विद्वान व उदार, तितकेच कोपिष्ट. हातीं पैसा ठरत नसे. लक्ष्मीबाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी त्यांनींच लावली.

१८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या साध्वीवर आभाळ कोसळलें. लहानग्या मुलाला घेऊन त्यांनीं कांहीं वर्षें आप्तांच्या आश्रयानें काढलीं. पुढें त्या पतीकडे गेल्या. प्रथम आपलें सोंवळें सांभाळून वेगळ्या राहिल्या, आणि विचारांतीं तें स्वतःच सोडून १९०० सालीं त्यांनींही तो धर्म घेतला. त्या काळच्या समाजानें या दांपत्याला किती दूर लोटलें, हें ज्ञातिसंस्थेच्या अंकांत सांगतांना आपण संकोच करूं नये.

१९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांनीं आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंनीं तें कार्य अंगावर घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय रचले. कविता त्या पूर्वींही करीत. परंतु त्यांची खरी प्रतिभा प्रकट झाली ती उतारवयांत लिहिलेल्या गद्य आठवणींत. चार भागांच्या या ग्रंथाचा शेवट त्यांच्या हातून झाला नाहीं. १९३६ सालीं त्यांचें निधन झाल्यावर चिरंजीव देवदत्त यांनीं तो पुरा केला.

या लेखनाचें सामर्थ्य कशांत आहे? भाषा माजघरांतली, वाक्यें छोटीं, आणि दुःखाच्या प्रसंगींही ओठांवर हंसूं. पतीचे दोष त्यांनीं झांकले नाहींत, स्वतःचेही नाहींत. ज्यांनीं छळलें त्यांच्यावर सूड उगवला नाहीं. तारुण्यांत हें लिहिलें असतें तर कदाचित् गाऱ्हाणें झालें असतें. वयानें त्याचें साहित्य केलें. ज्या समाजानें त्यांना बाहेर काढलें, त्याच्या घरांतील स्वयंपाकघर, व्रतें व रुसवेफुगवे यांचें जिवंत चित्र आज त्यांच्याच ग्रंथांत सांपडतें. पुढें इंग्रजींतही त्याचे अनुवाद झाले. शांता गोखले यांचा २०१७ सालचा आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येक कुटुंबांत एखादी आजी असते, जिच्यापाशीं तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत. आतां या वयांत काय लिहावयाचें, असें ती म्हणेल. तिच्यापुढें एक वही ठेवा आणि लक्ष्मीबाईंची ही हकीकत तिला वाचून दाखवा.