कोंबड्याची बांग आणि डॉ. बर्टहोल्ड

कोंबडा आरवतो, कोंबडी आरवत नाही. आमचे बालपण या बांगेवर उठण्यात गेले, पण असे का, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. त्याचे उत्तर प्रयोगाने शोधणाऱ्या आर्नोल्ड बर्टहोल्ड यांची ओळख आज करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८०३ सालचा, जर्मनीतील झोस्ट गावचा. वैद्यकीचे शिक्षण गॉटिंगेन विद्यापीठात झाले आणि पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्याबरोबर १८३४ साली त्यांनी आर्सेनिकच्या विषावर लोहाचा उतारा शोधला. एवढ्यावरही नाव राहिले असते.

पण खरी गोष्ट १८४८ च्या ऑगस्टमधली. त्यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. ते खच्ची झाले, तुरा वाढला नाही, भांडणे नाहीत, बांगही नाही. मधल्या दोघांचा तपशील लांबवत नाही. शेवटच्या दोघांचेही वृषण काढले, पण एकाचे दुसऱ्याच्या पोटात आतड्यांजवळ ठेवले. हे दोघे मात्र झोकात आरवू लागले, एकमेकांवर धावून जाऊ लागले, कोंबड्यांच्या मागे लागले. आम्ही आयुष्यभर बँकेत खाती जुळवली. खच्ची कोंबडे शेजारी ठेवून केलेली ही पडताळणी आम्हाला फार आवडली.

नंतर पोट उघडून पाहिले, तर वृषण नव्या जागी रुजले होते. रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या, मूळच्या नसा मात्र तुटलेल्याच होत्या. म्हणजे निरोप नसांतून जात नाही, वृषणातून काहीतरी रक्तात उतरते आणि साऱ्या शरीरावर परिणाम करते, असा निष्कर्ष त्यांनी १८४९ साली चारच पानांत मांडला.

विद्यापीठातल्याच रुडॉल्फ वॅग्नर यांनी प्रयोग करून पाहिला, त्यांना तो साधला नाही. मग कोण विश्वास ठेवणार? खुद्द बर्टहोल्ड यांनीही हा विषय पुढे नेला नाही, याची आम्हाला हळहळ वाटते. ते १८६१ साली वारले. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरला. बांगेमागचे ते द्रव्य, टेस्टोस्टेरॉन, १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणातून वेगळे काढण्यात आले.