विलिस ओब्रायन

विलिस हॅरॉल्ड ओब्रायन (जन्म : ओकलंड, कॅलिफोर्निया, २ मार्च १८८६, मृत्यू : लॉस एंजेलस, ८ नोव्हेंबर १९६२) हे अमेरिकन चित्रपटसृष्टीतील विशेष दृश्यपरिणामांचे तंत्रज्ञ आणि स्टॉप-मोशन ॲनिमेशनचे एक आद्य प्रवर्तक होते. 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९२५) आणि 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटांतील डायनोसॉर व महाकाय वानर ही त्यांची निर्मिती होय. जगापासून तुटलेल्या प्रदेशात अडकलेली माणसे आणि त्यांच्या जिवावर उठलेले प्रागैतिहासिक प्राणी हा चित्रप्रकार पुढे जगभर लोकप्रिय झाला. त्याची दृश्यभाषा मुख्यतः ओब्रायन यांनी घडवली. सहकारी त्यांना 'ओबी' म्हणत.

पूर्वायुष्य

ओब्रायन यांनी वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडले. गुरांच्या कुरणांवर मजुरी, फरसाठी प्राणी पकडणे, मद्यालयातील नोकरी अशी अनेक कामे त्यांनी केली. ओरेगन राज्यातील क्रेटर लेक परिसरात जीवाश्मांचा शोध घेणाऱ्या पुराजीवशास्त्रज्ञांचे वाटाडे म्हणूनही ते काही काळ हिंडले. डायनोसॉरविषयीचे त्यांचे कुतूहल याच भ्रमंतीत जागे झाले. पुढे त्यांनी वास्तुविशारदाच्या कार्यालयात आरेखक आणि सान फ्रान्सिस्कोतील एका दैनिकात क्रीडाविषयक व्यंगचित्रकार म्हणून काम केले. काही काळ ते व्यावसायिक मुष्टियोद्धेही होते. संगमरवरात मूर्ती घडवण्याची कला त्यांना अवगत होती. शिल्पकाराचा हात, आरेखकाची नजर आणि प्राण्यांच्या सहवासात गेलेले बालपण यांचा उपयोग त्यांना पुढे आयुष्यभर झाला.

मातीचे मुष्टियोद्धे घडवून त्यांची झुंज लावताना या पुतळ्यांना चित्रफितीवर हालवता येईल असे त्यांना सुचले, असे सांगितले जाते. माती व लाकडाच्या प्रतिकृती वापरून त्यांनी केलेला छोटा प्रयोग पाहून सान फ्रान्सिस्कोतील चित्रपट व्यावसायिक हर्मन वॉबर यांनी त्यांना ५,००० डॉलर दिले. त्यातून १९१५ साली 'द डायनोसॉर अँड द मिसिंग लिंक' हा सुमारे पाच मिनिटांचा विनोदी लघुपट तयार झाला. एडिसन कंपनीने तो विकत घेऊन १९१७ साली प्रदर्शित केला आणि ओब्रायन यांच्याकडून त्याच धर्तीचे आणखी लघुपट करून घेतले.

श्रेयाचा वाद

यानंतर हर्बर्ट डॉली यांच्यासाठी ओब्रायन यांनी 'द घोस्ट ऑफ स्लंबर माउंटन' हा चित्रपट केला. सुमारे ३,००० डॉलर खर्चून झालेल्या या चित्रपटाने १,००,००० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न मिळवले. डॉली यांनी मात्र त्याचा बराच भाग कापला आणि तंत्राचे श्रेय स्वतःकडे घेतले. १९२२ साली आर्थर कॉनन डॉईल यांनी न्यूयॉर्कमधील जादूगारांच्या एका मेजवानीत ओब्रायन यांच्या डायनोसॉरांची चाचणी-चित्रफीत कोणताही खुलासा न करता दाखवली. हे खरे प्राणी की युक्ती, अशी चर्चा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात रंगली. हे यश पाहून डॉली यांनी या तंत्रावर हक्क सांगितला व न्यायालयाची भाषा सुरू केली. ज्याने प्राणी प्रत्यक्ष हालवले त्याला स्वतःच्या कलेवरील हक्क सिद्ध करावा लागावा, ही ओब्रायन यांच्या कारकिर्दीतील पहिली मोठी विटंबना होती.

द लॉस्ट वर्ल्ड

कॉनन डॉईल यांच्या १९१२ सालच्या कादंबरीवरील 'द लॉस्ट वर्ल्ड' हा चित्रपट १९२५ साली प्रदर्शित झाला. दक्षिण अमेरिकेतील एका दुर्गम पठारावर गेलेल्या शोधपथकाचा परतीचा मार्ग तुटतो आणि डायनोसॉरांच्या राज्यात त्यांना जीव वाचवावा लागतो, असे त्याचे कथानक आहे. शेवटी पकडून आणलेला ब्राँटोसॉरस लंडनच्या रस्त्यांवर मोकळा सुटतो. प्राणी शहरात आणण्याची ही कल्पना नंतरच्या कितीतरी चित्रपटांनी उचलली.

या चित्रपटासाठी ओब्रायन यांनी मार्सेल डेलगॅडो या तरुण शिल्पकाराला सोबत घेतले. डेलगॅडो धातूचा सांधेदार सांगाडा तयार करून त्यावर स्नायूंच्या जागी मऊ भराव घालत आणि वरून रबराची त्वचा चढवत. काही प्रतिकृतींच्या पोटात हवेची पिशवी असे. ती थोडी थोडी फुगवून श्वासोच्छ्वासाचा भास निर्माण केला जाई. प्राण्यांच्या रूपासाठी चार्ल्स नाइट यांच्या चित्रांचा आधार घेण्यात आला. प्रतिकृती किंचित हालवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हालवायची, हा क्रम दिवसभर चाले. बोलपटाच्या काळात पडद्यावरील एका सेकंदासाठी अशी २४ छायाचित्रे लागत. मध्येच एखादा दिवा गेला किंवा प्रतिकृतीला धक्का लागला, तर कित्येक तासांचे काम वाया जाई.

किंग काँग

१९३० साली आरकेओ कंपनीत ओब्रायन यांनी 'क्रिएशन' हा चित्रपट हाती घेतला. एका बेटावर अडकलेले प्रवासी आणि तेथील डायनोसॉर हाच त्याचाही विषय होता. खर्च वाढत गेला आणि कंपनीत नव्याने आलेल्या मेरियन कूपर यांनी काम थांबवले. मात्र मनात घोळत असलेली महाकाय गोरिलाची कथा याच तंत्राने पडद्यावर आणता येईल, हे कूपर यांच्या ध्यानात आले. 'क्रिएशन'च्या अपयशातून 'किंग काँग'चा जन्म झाला तो असा.

पडद्यावर अजस्र दिसणाऱ्या काँगची मुख्य प्रतिकृती जेमतेम दीड फूट उंचीची होती. तिच्या अंगावरील फर हाताळणाऱ्याच्या बोटांनी विस्कटे आणि पडद्यावर ती सतत थरथरताना दिसे. खरे तर हा दोष. पण प्रेक्षकांना तो संतापलेल्या प्राण्याचा शहारा वाटला. काचेवर रंगवलेली अरण्ये एकामागे एक ठेवून ओब्रायन यांनी दृश्याला खोली दिली. छोट्या पडद्यावर मागून माणसांची चित्रफीत एकेक फ्रेम प्रक्षेपित करून त्यांनी माणूस व प्रतिकृती एकाच चौकटीत आणली. काँग आणि टायरॅनोसॉरस यांच्या झुंजीत मुष्टियुद्धाचे डावपेच दिसतात, त्यामागे ओब्रायन यांचा पूर्वीचा अनुभव असावा. मेलेल्या शत्रूचा जबडा काँग कुतूहलाने हालवून पाहतो, तो क्षण तंत्रापेक्षा अभिनयाचा आहे. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये २ मार्च १९३३ रोजी, म्हणजे ओब्रायन यांच्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी प्रदर्शित झाला. विशेष दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर पुरस्काराचा स्वतंत्र विभाग त्या वेळी नव्हता.

कौटुंबिक आघात

हेझल कॉलेट यांच्याशी झालेला ओब्रायन यांचा विवाह १९३० पर्यंत संपुष्टात आला होता. त्यांना दोन मुलगे होते. त्यांपैकी एकाची दृष्टी क्षयामुळे गेली होती. हेझल स्वतःही गंभीर आजारी होत्या. ऑक्टोबर १९३३ मध्ये त्यांनी दोन्ही मुलांना गोळ्या घालून ठार केले व नंतर स्वतःवर गोळी झाडली. त्या वेळी त्या वाचल्या, परंतु पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'किंग काँग'चा उत्तरार्ध 'सन ऑफ काँग' याच सुमारास तयार होत होता आणि तो वर्षअखेर प्रदर्शित झाला. नोव्हेंबर १९३४ मध्ये ओब्रायन यांनी डार्लिन प्रेनेट यांच्याशी विवाह केला. ही साथ अखेरपर्यंत टिकली.

अपुरे प्रकल्प

पुढील काळात ओब्रायन यांच्या हातून जेवढे चित्रपट पुरे झाले, जवळजवळ तेवढेच कागदावर राहिले. कूपर यांच्यासोबतचा 'वॉर ईगल्स' सोडून द्यावा लागला. गुराखी आणि डायनोसॉर यांची गाठ घालणारा 'ग्वांगी' १९४२ च्या सुमारास रद्द झाला. स्टॉप-मोशनला लागणारा वेळ निर्मात्यांना परवडत नव्हता. १९४९ सालच्या 'मायटी जो यंग' या चित्रपटाने मात्र विशेष दृश्यपरिणामांचा ऑस्कर मिळवला. त्यातील बहुतेक ॲनिमेशन रे हॅरीहाउझेन यांनी केले. 'किंग काँग' तेराव्या वर्षी पाहून भारावलेल्या हॅरीहाउझेन यांनी विद्यार्थिदशेत आपला स्टेगोसॉरस ओब्रायन यांना दाखवला होता. तेव्हा त्याच्या पायांत स्नायू दिसत नाहीत हे दाखवून ओब्रायन यांनी त्यांना शरीररचनाशास्त्र शिकण्याचा सल्ला दिला होता.

१९६० साली 'द लॉस्ट वर्ल्ड'ची नवी आवृत्ती आली, त्यात ओब्रायन यांचे नाव होते. पण डायनोसॉर म्हणून शिंगे व कल्ले चिकटवलेले जिवंत सरडे वापरण्यात आले. काँग आणि फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची झुंज ही ओब्रायन यांची कल्पना निर्माता जॉन बेक यांच्यामार्फत जपानच्या तोहो कंपनीकडे गेली. तिचे रूपांतर होऊन १९६२ साली 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' हा चित्रपट आला. त्यात काँगच्या भूमिकेत प्रतिकृतीऐवजी पोशाख घातलेला माणूस होता आणि ओब्रायन यांना श्रेय नव्हते. त्याच वर्षी, 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' या विनोदी चित्रपटाचे काम स्वीकारलेले असताना, त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर

हॅरीहाउझेन यांनी 'ग्वांगी'ची कथा पुन्हा हाती घेऊन १९६९ साली 'द व्हॅली ऑफ ग्वांगी' पूर्ण केला. 'द लॉस्ट वर्ल्ड' अनेक दशके केवळ तुटक स्वरूपात उपलब्ध होता. निरनिराळ्या प्रतींमधील तुकडे जुळवून त्याची पुनर्रचना करण्यात आली. १९९७ साली ओब्रायन यांना मरणोत्तर विन्सर मॅके पुरस्कार देण्यात आला. 'क्रिएशन'ची काही मिनिटांची चाचणी-चित्रफीत आजही शिल्लक आहे. तीत एक शिकारी ट्रायसेराटॉप्सच्या पिलाला गोळी घालतो आणि त्याची आई शिकाऱ्याच्या मागे धावत सुटते.